लांडग्याचा वाटा : सासवड ते नान्नज, माळावरचे चार दिवस

पहिला दिवस : पुणे, सासवड, जेजुरी

दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि पाऊस खऱ्या अर्थाने उघडला होता, म्हणजे माळावर जायला याहून चांगला काळ नाही. गवत हिरवे राहिलेले नसते आणि पुरते वाळलेलेही नसते. सकाळच्या तिरप्या उन्हात कुसळीचे तुरे तांबूस दिसतात, शेडा आणि मारवेल पिवळे पडू लागतात आणि मधूनमधून तरवडाची फुले चमकतात. मी आणि माझा एक जुना मित्र पहाटेच निघालो. तो गेली वीस वर्षे नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी लांडगे पाहत हिंडतो. गाडी त्याची होती आणि हट्टही त्याचाच होता, की पुणे जिल्ह्यातला माळ पाहायचा असेल तर तो सासवडपासूनच पाहायला हवा, कारण तो कसा संपतो हे तिथे दिसते.

दिवे घाट चढून वर गेल्यावर पूर्वी दोन्ही बाजूंना उघडा माळ लागायचा. आता रस्ता रुंद झाला आहे, पालखी मार्गाच्या कामाची यंत्रे जागोजागी उभी आहेत आणि डोंगरउतारांवर दर थोड्या अंतराने बिगरशेती भूखंडांच्या जाहिराती लागलेल्या आहेत. सासवडच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्याने मित्राने गाडी आत घेतली. तिथे त्याने काही वर्षांपूर्वी लांडग्यांची एक जोडी चार पिल्लांसह पाहिली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा समोर सिमेंटच्या फरशांची पुरुषभर उंचीची भिंत होती. भिंतीच्या आत ओढ्याच्या काठी एक मोठे हिवराचे झाड तेवढे शिल्लक होते, बाकी सारी जमीन यंत्राने सपाट करून चुन्याने आखलेली होती. फाटकावरच्या पाटीवर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असे लिहिले होते. मी त्या पाटीचे छायाचित्र काढून घेतले.

माळ नाहीसा होण्याची गोष्ट जंगलतोडीसारखी डोळ्यांत भरत नाही, कारण मुळात तिथे काही आहे असे कोणाला वाटतच नाही. महसुलाच्या भाषेत ही जमीन पडीक, आणि केंद्र सरकारच्या ओसाड जमिनींच्या नकाशांतही झुडपी माळरान ओसाड म्हणूनच मोजले जाते. एकदा जमीन ओसाड ठरली, की तिच्यावर काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते : कारखाना आणला तरी, भूखंड पाडले तरी आणि झाडे लावली तरी. या तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलले की लोक दचकतात. पण जेजुरीच्या वाटेवर मित्राने एका टेकडीवरचे गिरिपुष्पाचे लागवडक्षेत्र दाखवले, तिथे समतल चर खणून दाट ओळींत झाडे लावली आहेत आणि त्यांच्या सावलीत गवताची एक काडीही उरलेली नाही. मेंढी हा पाला आवडीने खात नाही, चिंकारा तिथे फिरकत नाही आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या धाविक, पखुर्डीसारख्या पक्ष्यांना तर तिथे थाराच नाही.

संध्याकाळी जेजुरीचा गड चढलो. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्यांवर एक धनगर कुटुंब भेटले. माळावरून खाली उतरण्याआधी देवाला सांगून जायचे असते, असे त्यातल्या म्हातारबाबांनी सांगितले. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराची, म्हणजे देव त्यांचा जावईच. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात देवाबद्दल भक्ती होती, तशी थोडी जावयावरची कुरकुरही होती.

दुसरा दिवस : मोरगाव, सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी

मोरगाववरून सुप्याला गेलो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्रफळ अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत चिंकारा मात्र हमखास दिसतो. आम्हाला तासाभरात अकरा दिसले. लांडग्याला एवढी जागा एका रात्रीच्या फेरीलाही पुरत नाही. भारतातले बहुतेक लांडगे अभयारण्यांच्या बाहेर, शेते, गायराने आणि वनखात्याचे तुकडे यांच्या जाळ्यात राहतात, त्यामुळे वाघासाठी केली तशी कुंपणाच्या आतली व्यवस्था त्यांच्या उपयोगाची नाही. देशभरात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे, म्हणजे वाघांहून कमी. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघासारखाच पहिल्या अनुसूचीत आहे. शिवाय २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांमधली अतिशय जुनी आणि वेगळी शाखा ठरते. इतके असूनही लांडगा म्हटला की आपल्याला आठवतो तो गोष्टीतला लबाडच.

दुपारी शिर्सुफळला जेवलो : बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि हुलग्याचे माडगे. माडग्याची दुसरी वाटी मागितली तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी ‘पुण्याची माणसं माडगं खात्यात व्हय?’ असे विचारून तिसरीही वाढली.

इथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी. शिर्सुफळ आणि कडबनवाडी येथे वनखात्याने २०२४ पासून गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. आरक्षण आगाऊ करावे आणि स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा. सकाळची पहिली फेरीच घ्यावी, कारण ऊन चढल्यावर लांडगा एखाद्या झुडपाखाली पडून राहतो आणि दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. पायात जाड मोजे आणि घोट्यावरचे बूट हवेत; कुसळे कापडातून आत शिरतात आणि मग चालणे अशक्य होते. थंडीत लांडग्यांच्या माद्या पिल्ले घालतात, त्या काळात गुहा किंवा बीळ शोधत हिंडू नये आणि चुकून सापडलेच तर त्याचे ठिकाण कोणालाही कळवू नये. गाडी मळलेली वाट सोडून गवतात घालण्याचा मोह तर अजिबात नको. आमच्यासमोरच एका गाडीने लांडग्याच्या मागे असे केले आणि त्या दिवशी नंतर तिथे कोणालाच काही दिसले नाही.

संध्याकाळी कडबनवाडीच्या पलीकडे मित्राच्या ओळखीचा वाडा उतरला होता. शहरी वाचकांसाठी सांगायला हवे, की हा वाडा दगडविटांचा नव्हे. एकत्र फिरणाऱ्या पाच-सात धनगर कुटुंबांच्या तळाला वाडा म्हणतात : त्यांच्या मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घोड्यांच्या पाठीवर मावेल एवढा संसार. आठ महिने हे लोक चालत असतात. पावसाळ्यात आपल्या माळावर, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की परत. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. रात्रभर पडलेल्या लेंड्या आणि मूत्र हेच खत आणि त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. हा व्यवहार किती पिढ्यांचा आहे कोण जाणे.

वाड्याच्या कारभाऱ्यांना सारे मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हटले. भेट म्हणून साखर आणि चहापत्ती नेली होती. पैसे देऊ नयेत हे मित्राने आधीच बजावले होते. मेंढीच्या दुधाचा चहा दाट आणि किंचित खारट लागला. दिवाळीची कातरणी नुकतीच झाली होती, मेंढ्या उघड्यावाघड्या दिसत होत्या आणि पालाच्या मागे काळ्या लोकरीचा ढीग तसाच पडला होता. ‘कुणी घेत न्हाय,’ मामा म्हणाले. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी होते आणि घोंगडी आता कोण पांघरते? त्यामुळे अनेक जण अंगावर फारशी लोकर नसलेली, वजनाला भरणारी माडग्याळ जात पाळू लागले आहेत. ती मांसाला चांगली, पण पावसात आणि लांबच्या चालीत दख्खनीइतकी टिकत नाही, असे मामांचे मत पडले.

रात्री त्यांनी पुढच्या वाटेचे मुक्काम बोटांवर मोजून दाखवले : बारामती, मोरगाव, जेजुरी, सासवडच्या अलीकडचा हिवराचा तळ, मग कापूरहोळ, भोर आणि वरंध घाट. मी ऐकत होतो, पण थंडी वाजत होती आणि त्यातल्या एका नावापाशी मी थांबायला हवे होते हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

तिसरा दिवस : वाड्यावर

खरे तर हा दिवस रात्री अडीचलाच सुरू झाला. आम्ही पालाबाहेर घोंगड्यावर झोपलो होतो. सगळी कुत्री एकदम भुंकू लागली, घोडी फुरफुरली, आणि मेंढ्यांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीपलीकडून ओरडण्याचे आवाज येऊ लागले. ‘लांडगं!’ असे मीच पहिल्यांदा म्हणालो असणार. मामा आणि दोन पोरे काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन धावली. मागोमाग आम्हीही धावलो. बॅटरीच्या झोतात जे डोळे चमकले ते पांगले, पण लगेच पळाले नाहीत, आणि त्यांतला एक पाठमोरा झाला तेव्हा त्याची शेपटी वर वळलेली दिसली. ती गावकुत्री होती, सात-आठ तरी. कोंबड्यांच्या शेडवाल्यांनी मेलेली कोंबडी टाकण्याची जागा तिथून कोसभर आहे, त्यावर ती पोसली गेली आहेत.

जाळी एका कोपऱ्यात दबली होती. चार कोकरे मेली होती आणि एका मेंढीचा मागचा पाय फाटला होता. कोकरांपैकी एकही खाल्लेले नव्हते.

मामांच्या आईने, सगळा वाडा त्यांना आजी म्हणतो, जखमी मेंढीच्या पायावर हळद दाबून फडके बांधले आणि चूल पेटवली. आता झोप येणार नव्हतीच. त्या उजेडात त्या जे बोलल्या ते मी दुसऱ्या दिवशी आठवून लिहून ठेवले आहे. ‘लांडगं येतं, एक उचलतं, जातं. त्येचा वाटा हाय त्यो. आमच्या सासऱ्याच्या टायमाला म्हणायचं, ज्येच्या मेंढरावर लांडगा येत न्हाय त्येची मेंढरं वाढत न्हाईत. ही कुत्री धा फाडत्यात आन एक बी खात न्हाईत. ह्येंचा कसला वाटा?’

आजींच्या बोलण्यात लांडग्याविषयी प्रेम होते असे मी म्हणणार नाही. त्याच आजींनी थोड्या वेळाने, तरुणपणी लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून काढताना आपण त्याच्या तोंडावर कशी काठी हाणली, हेही तितक्याच रंगवून सांगितले. तो चोर आहे, पण ओळखीचा चोर आहे. त्याच्यासाठी जाळी लावायची, कुत्री पाळायची, रात्री जागायचे, आणि तरीही वर्षाला दोनचार जनावरे जाणार हे हिशेबात धरायचे. दख्खनच्या माळावर हरणे विरळ झाल्यावर लांडगा मोठ्या प्रमाणात मेंढ्याशेळ्यांवरच जगत आला आहे, आणि तो जगला याचे श्रेय कोणत्याही खात्यापेक्षा हे नुकसान सोसणाऱ्या माणसांनाच जास्त जाते. इंग्रजी अमलात लांडगा मारणाऱ्याला बक्षीस मिळत असे आणि सरकारदप्तरी हजारो लांडगे मारल्याच्या नोंदी आहेत. तरीही तो उरला. ज्या माळावर त्याच्यासोबत चित्ताही हिंडत असे, तो चित्ता मात्र १९५२ साली देशातून संपल्याचे जाहीर झाले.

साडेसहाच्या सुमारास फटफटले. मेलेली कोकरे मामांनी दूर, ओघळीच्या पलीकडे नेऊन टाकली होती. मित्राने माझ्या दंडाला हात लावला. ओघळीच्या काठावर, दोनशे पावलांवर, गवताच्याच रंगाचे काहीतरी उभे होते. मी जे ढेकूळ समजत होतो त्याला कान फुटले. मग त्याच्या मागून दुसरा आला, आणि बऱ्याच अंतराने तिसरा, थोडा लंगडत. चित्रातले लांडगे पाहून मनात जी आकृती असते तिच्यापेक्षा तो खूपच शिडशिडीत असतो. अंगावर दाट केस नाहीत, पाय लांब, वजन फार तर वीस-बावीस किलो. पहिल्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिले. त्याच्या नजरेत राग नव्हता आणि भीतीही नव्हती, दारात आलेल्या माणसाकडे आपण पाहतो तसे त्याचे पाहणे होते. मग त्याने एक कोकरू उचलले आणि तिघेही उताराला लागले. वाड्यावरची कुत्री भुंकत होती. मामांनी त्यांना सोडले नाही.

मित्र मात्र दुर्बिणीतून तिसऱ्याकडेच पाहत राहिला. त्याच्या अंगावरचा रंग त्याला जास्तच पिवळट वाटत होता. पुण्याच्या आसपास लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे, आणि कुत्र्यांकडून येणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूने इथले लांडगे मेल्याचेही उघड झाले आहे. तो तिसरा संकरित होता की केवळ म्हातारा, हे दुर्बिणीतून ठरवणे शक्य नव्हते. पण मला त्या रात्रीचा अर्थ तेव्हा लागला. माळ तुटतो, तिथे वस्ती येते, वस्तीबरोबर उकिरडा येतो, उकिरड्यावर कुत्री वाढतात, आणि ती कुत्री धनगराची कोकरे मारतात, लांडग्याला रोग देतात आणि शेवटी त्याची जातच पातळ करतात. यात लांडग्यावर कोणी बंदूक रोखलेली नसते.

आठच्या सुमारास मोटरसायकलवरून गावातला एक तरुण आला. त्याने मेलेली कोकरे पाहिली आणि मामांना सल्ला दिला, की लांडग्याने मारली असे सांगून वनखात्याकडे अर्ज करा, भरपाई मिळेल. कुत्र्यांनी मारली म्हटले तर कोणी एक रुपया देणार नाही. सल्ला व्यवहाराला धरून होता, कारण भरपाई वन्यप्राण्याने केलेल्या हानीचीच मिळते. मामा हसले. ‘पंचनाम्याला दोन दिस. ह्या रानाचा मालक दोन दिस बसू देतोय व्हय?’ मग जाळी गुंडाळता गुंडाळता, कोणाला उद्देशून नव्हे असे, म्हणाले, ‘आन त्यानं न्हाय मारली.’

दहा वाजता वाडा हलला. बायकांनी पाले उतरवली, घोड्यांवर भांडीकुंडी, त्यावर कोंबड्यांचे खुराडे आणि सगळ्यांत वर दोन दिवसांची कोकरे, झोळीतून माना बाहेर काढलेली. जखमी मेंढीला एका पोराने खांद्यावर घेतले. तासाभरात तिथे विझलेल्या चुली आणि लेंड्यांचा काळा चौकोन यांखेरीज काही उरले नाही.

चौथा दिवस : नान्नज

सोलापुरात मुक्काम केला आणि सकाळी बार्शी रस्त्याने नान्नज गाठले. रात्री राहण्याच्या जागी आमची खोली दुसऱ्यालाच दिल्याचे निघाले, पण तो राग शेंगाचटणी आणि कडक भाकरीने शमवला.

नान्नज हे माळढोकाचे ठिकाण. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधले, १९७९ साली अभयारण्य झाले, आणि ते केवढे, तर कागदोपत्री ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेते आली, गावे आली, तालुक्याची शहरेही आली. आपल्याच जमिनीचे व्यवहार अडू लागल्यावर लोक त्या पक्ष्याला शिव्या देऊ लागले नसते तरच नवल. पुढे ते क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर भोवतालच्या माळावर कालवे, ऊस, द्राक्षे आणि विजेच्या तारा पोहोचल्या होत्या. माळढोक आता इथे दिसला तर बातमी होते.

आम्हाला काळवीट दिसले, भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून तरंगत गेला, आणि ओल्या मातीत लांडग्याच्या पावलांची एक सरळ रेघ दिसली. राखीव तुकड्यातले गवत कमरेइतके वाढले होते. तिथल्या वयस्कर पहारेकऱ्यांनी सांगितले, की पूर्वी मेंढरे फिरून जायची तेव्हा गवत आखूड राहायचे आणि पक्षी लांबून दिसायचा. अमर्याद चराईने माळ उजाड होतो हे खरेच आहे. पण चराई पूर्ण बंद करणे हा त्यावरचा उपाय आहे, याबद्दल मला आता पूर्वीइतकी खात्री वाटत नाही. फिरता कळप एका जागी दोन दिवसांहून जास्त थांबत नाही. ज्यांना थांबायला लावले त्यांच्याच कळपांनी जमीन खरवडली जाते.

नान्नजला जाणाऱ्यांनी सोबत पाणी ठेवावे, फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि माळढोक दिसेल या आशेने जाऊ नये. चंडोलाचे गाणे ऐकायला मिळाले तरी सकाळ वाया जात नाही.

दुपारी परतीला लागलो आणि रात्री घरी पोहोचलो.

त्यानंतर अकराव्या दिवशी मामांचा फोन आला. वाडा जेजुरीच्या पुढे आला होता. जखमी मेंढी जगली होती, पण मागे पडत होती. ‘पाव्हणं, तुमी त्या अंगानं आला व्हता न्हवं? सासवडच्या अलीकडं वढ्याच्या काठाला हिवराचं झाड हाय. तिथं आमचा तळ आस्तो. म्होरं गेलेला वाडा म्हंतोय, आडवलंय. खरं हाय का?’

छायाचित्र माझ्या फोनमध्येच होते. भिंत आहे, फाटक आहे, झाड आत आहे, असे मी सांगितले. पलीकडे काही वेळ नुसत्या घंट्यांचा आणि कोकरांचा आवाज येत राहिला.

‘मग पल्याडनं जावं लागंल,’ मामा म्हणाले. ‘एक दिस वाढला. तीन नवी कोकरं हायेत, घोड्यावर जागा न्हाय.’